अर्धं ओलं, अर्धं कोरडं

या, असे जवळ सरकून बसा. खुर्ची कशाला हवी? खालीच बसा. ज्यांची गोष्ट सांगणार आहे त्यांचं उभं आयुष्य खाली बसण्यातच गेलं, गुडघे टेकून, हातात कात्री घेऊन. गोष्ट काही फार मोठी नाही. कुणी राजा मेला नाही, कुणाचं राज्य गेलं नाही. एका भल्या माणसाची मती गुंग झाली आणि त्या गोंधळात त्याने एक काम केलं. ते बरोबर केलं की चूक, हे तुम्हीच ठरवा. मला तर अजून ठरवता आलेलं नाही.

त्या सोमवारी सकाळी ते पाण्याची नळी हातात धरून गवताच्या टेनिस कोर्टाच्या कडेला उभे होते आणि नळ सोडावा की सोडू नये, हे त्यांना कळत नव्हतं.

क्लबातली हिरवळ राखायचं काम त्यांचं. यंत्राने कोर्ट कापून झालं तरी जाळीच्या खांबांभोवतीचं गवत ते कात्रीनेच कापायचे, न्हाव्याने कानामागचे केस नीट करावेत तसं. म्हणून सगळे त्यांना कात्रीकाका म्हणत. बिचाऱ्यांनी नळ सोडण्याआधी आयुष्यात कधी विचार केला नव्हता. गवताला तहान लागली, पाणी दिलं. आईला कधी विचारावं लागतं का, पोराला पाजू का म्हणून? पण आज हात अडला होता.

कारण असं, की येत्या रविवारी याच कोर्टावर क्लबाच्या बायकांच्या स्पर्धेचा शेवटचा सामना होता. जी जिंकेल ती क्लबाच्या नावाने मोठ्या स्पर्धेला जाणार. एका बाजूला होत्या बाई. वर्षानुवर्षं त्याच जिंकत आलेल्या, आणि यंदा हे शेवटचंच म्हणून जाहीर करून बसलेल्या. दुसऱ्या बाजूला होती मुंगी. मुंगी म्हणजे काकांची मुलगी.

आता हे गवताचं प्रकरण जरा समजून घ्या, म्हणजे काकांचा हात का अडला ते कळेल. गवत ओलसर, मऊ असलं की चेंडू पडतो आणि घसरत जातो, उसळतच नाही. अशा गवतावर कुणाचं चालतं? जी सर्व्हिस करते आणि तशीच जाळीकडे धावत सुटते, चेंडू कापून मारते, तिचं. बाईंचा खेळ तसा. पण तेच कोर्ट दोन-चार दिवस कोरडं ठेवा, वरून रोलर फिरवा, की जमीन टणक होते आणि चेंडू छातीपर्यंत उसळतो. मग मागच्या रेघेवर उभं राहून, चेंडूला पीळ देऊन दणादण मारणारीचं फावतं. मुंगीचा खेळ तसा.

तुम्ही म्हणाल, हिरवळ राखणाऱ्याची मुलगी आणि गवतावरचा खेळ येत नाही? तर मंडळी, गवत होतं सभासदांचं. नोकरांच्या पोरांना त्यावर पाय ठेवायची परवानगी नव्हती. मुंगी लहानपणी गाड्या लावायच्या जागेत, सिमेंटवर, भिंतीशी खेळायची. सिमेंटवरचा चेंडू उसळतोच, त्यामुळे हात तसाच वळला. एक दिवस बाईंनी गाडी लावताना ते पाहिलं. गाडी तशीच मध्ये सोडून त्या पोरीला हाताला धरून आत घेऊन गेल्या आणि ऑफिसात म्हणाल्या, "ही माझी पाहुणी." पाहुणी पुढे रोज येऊ लागली, आणि बाईंच्याच शब्दावर तिचं नाव क्लबाच्या स्पर्धेतही लागलं. बाईंनी तिला शिकवलं, आपली रॅकेट दिली, ओरडल्या, रागावल्या, डोक्यावरून हात फिरवला.

म्हणून काकांना वाटत होतं ते एवढंच: रविवारी कुणीही जिंको, पण तिच्या जिंकण्याला आपल्या नळीचं पाणी लागू नये. गवताने जिंकवलं असं कुणाला म्हणता येऊ नये. साधी इच्छा होती. पण साध्या इच्छाच माणसाचा जीव खातात.

"काका, असे काय उभे राहिलात?" क्लबाचे सेक्रेटरी जाता जाता म्हणाले. "पाणी मारताय ना? रविवार आहे लक्षात?"

"तेच विचारायचं होतं साहेब. कोर्ट कसं ठेवू?"

"कसं म्हणजे? नेहमीसारखं!" आणि ते गेले.

नेहमीसारखं! काकांनी तो शब्द सकाळभर चघळला. नेहमी म्हणजे कसं? नेहमी बाई आठवडाभर आधी येऊन सांगायच्या, "काका, जरा ओल राहू द्या हं," आणि काका राहू देत. आतापर्यंत त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. पण आज त्यांच्या ध्यानात आलं, की नेहमीसारखं म्हणजे बाईंसारखं. मग नेहमीसारखं केलं तर ते पोरीच्या विरुद्ध. आणि बदल केला तर लोक म्हणणार, कुंपणानेच शेत खाल्लं. आपला तो बाब्या झाला!

दुपारी त्यांनी पाणी मारलं. संध्याकाळी पश्चात्ताप होऊन त्यावरून रोलर फिरवला. मंगळवारी रोलरचा पश्चात्ताप झाला.

घरी बायको मशीनवर मुंगीचा पांढरा स्कर्ट शिवत होती. तिच्यापाशी गोंधळाला थारा नव्हता.

"पोरीला जिंकू द्या," ती दात आणि टाचणी यांच्या फटीतून म्हणाली.

"अगं, बाईंनी तिच्यासाठी काय काय केलंय..."

"केलंय. मी नाही म्हणतेय का? देवाखालोखाल मानते मी त्यांना. म्हणून काय पोरीने जन्मभर त्यांच्यासमोर हरत राहायचं? तसं असतं तर त्यांनी शिकवलंच कशाला?" तिने टाचणी काढली. "इतकी वर्षं तुम्ही ते गवत कुरवाळताय. एकदा तरी त्याने आपल्या घराकडे बघावं की नाही?"

"तसं नाही चालत गं."

"मग बाईंना जिंकू द्या."

"तसंही नाही चालत."

"मग बसा तळ्यात-मळ्यात करत," असं म्हणून तिने पायाखालची पट्टी दाबली आणि मशीन सुरू केलं. मशीन चालू झालं की त्या घरात बोलणं संपलं, असा नियमच होता.

बुधवारी काकांनी मुंगीलाच गाठलं. ती दाराशी बुटांच्या तळव्यातून माती कोरत होती.

"मुंगे, कोर्ट कसं ठेवू गं?"

तिने वर पाहिलंही नाही. "बाबा, माझ्यासाठी काही म्हणजे काही करायचं नाही."

"बरं."

"आणि माझ्या विरुद्धही काही करायचं नाही."

"अगं, मग नेमकं करायचं काय?"

"ते मला काय माहीत? गवत तुमचं!" मग जरा वेळाने हळू आवाजात ती म्हणाली, "बाबा, मला बाईंना हरवायचंय. आणि बाई हरलेल्या मला बघायच्या नाहीत. तुम्हाला एकट्यालाच कळेनासं झालंय असं समजू नका."

काका तिच्याजवळ बसले. बाप-लेक बराच वेळ एका बुटाची माती काढत राहिले.

आता राहिल्या बाई. त्यांची वाट काका चातकासारखी बघत होते. त्या येतील, नेहमीसारखं "ओल राहू द्या" म्हणतील, मग आपल्याला रागावता तरी येईल, नाहीतर ऐकता तरी येईल. बाई गुरुवारी आल्या. रोलरच्या दांड्याला टेकून उभ्या राहिल्या. केस मागे घट्ट बांधलेले, कानाशी पांढरे झालेले.

"काका, यंदा मी काही सांगणार नाही."

"का हो बाई?"

"सांगितलं तर तुम्ही ते कराल."

"नाही सांगितलं तरी मला काहीतरी करावंच लागणार की! गवत काय हवेत लटकवून ठेवू? एक तर ते ओलं राहील, नाहीतर वाळेल!"

बाई हसल्या. "खरंय तुमचं," म्हणाल्या, आणि पाणी प्यायला निघून गेल्या. झालं! इकडे आड, तिकडे विहीर, आणि वाट दाखवणारा पाणी प्यायला गेलेला.

त्या रात्री काकांनी हात जोडून देवाला विचारलं. देवाचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. तो उत्तर देत नाही, अक्कल देतो. आणि काकांना जी मिळाली ती नेमकी अर्धी मिळाली.

झालं असं. शुक्रवारी सकाळी ते जाळीखालचं गवत कात्रीने सारखं करत होते. गुडघ्यांवर बसलेले, बरोबर मधोमध. डावीकडे पाहिलं, अर्धं कोर्ट. उजवीकडे पाहिलं, अर्धं कोर्ट. आणि एकदम डोक्यात उजेड पडला. अरे, या दोघी काही एकाच बाजूला खेळत नाहीत! दर थोड्या वेळाने बाजू बदलतात! मग एक बाजू ओली ठेवली आणि एक कोरडी, तर दोघींच्या वाट्याला दोन्ही येणार. एका ताटात दोघी जेवणार. कुणाचंही कमी नाही, कुणाचंही जास्त नाही!

काकांना इतका आनंद झाला की ते एकटेच हसले. ऑफिसकडच्या अर्ध्या भागाला त्यांनी त्या दिवशी आणि शनिवारीही पोटभर पाणी पाजलं. झाडांकडच्या अर्ध्यावर थेंब पडू दिला नाही, आणि रोलर असा फिरवला, असा फिरवला, की कपाळाचा घाम तेवढा त्या बाजूला पडला. जगात टेनिसचं गवत राखणारा दुसरा कुणी असं करता ना. पण दुसऱ्या कुणाच्या घरातून एक आणि काळजातून एक, अशा दोघी समोरासमोर उभ्या राहत नाहीत.

रविवारी सामना सुरू झाला. कठड्याशी वकील आणि दातांचे डॉक्टर असे दोघे निवृत्त सभासद बसले होते. एकमेकांचं म्हणणं खोडून काढायला ते रोज यायचे.

"गवतावर पुढे धावणाराच जिंकतो," वकील म्हणाले. "हे बायबल नाही, कुराण नाही, पण त्याच्यासारखंच समजा."

"तुमच्या वेळी," डॉक्टर म्हणाले. "आता गवत टणक ठेवतात. मागे उभी राहील ती जिंकेल. दाढ उपटायला घाई करून चालत नाही."

बाई कोरड्या बाजूला उभ्या होत्या. त्यांनी सर्व्हिस केली. चेंडू समोरच्या ओल्या गवतावर पडला आणि सापासारखा सुळकन गेला. मुंगीची रॅकेट हवेतच राहिली. बाई जाळीशी पोचल्या तेव्हा काही करायला उरलंच नव्हतं.

"बघा!" वकील म्हणाले.

मग बाजू बदलल्या. पुन्हा बाईंच्या सर्व्हिसची पाळी आली, तेव्हा तोच चेंडू कोरड्या गवतावर पडला आणि टुणकन उभा राहिला, जणू मुंगीला विचारत, कुठे जाऊ सांग. मुंगीने त्याला धावत येणाऱ्या बाईंच्या बाजूने पार कोपऱ्यात धाडलं.

"बघा!" डॉक्टर म्हणाले.

थोड्या वेळाने दोघांचंही 'बघा' बंद झालं. कुणालाच काही उमगेना. बाई या बाजूने वाघीण आणि त्या बाजूने शेळी. मुंगीचंही धड उलटं नाही आणि धड सुलटंही नाही. ओल्या बाजूला ती उभी असली की बाईंचा कापलेला चेंडू तिच्या घोट्याशी घोटाळायचा, पण तिचा पीळ दिलेला चेंडू पलीकडच्या टणक जमिनीवरून बाईंच्या कानाशी उसळायचा. बाजू बदलली की तिला चेंडू कमरेशी छान मिळायचा, आणि तिने मारलेला मात्र पलीकडे चिखलात रुतल्यासारखा लोळायचा. ज्या बाजूला एकीचं सुख, तिथेच तिचं दुःख, आणि दुसरीचंही तसंच. सेक्रेटरींनी चष्मा पुसून पाहिला. कोर्ट तेच होतं.

बाजू बदलताना मुंगी कठड्याजवळ आली. टॉवेलात तोंड घालून म्हणाली, "बाबा, काय केलंत?"

"अर्धं-अर्धं," काका म्हणाले.

टॉवेलाच्या आतून आवाज आला, "अरे देवा!"

बाईंनी विचारलं नाही. त्यांनी जाता जाता एका बाजूला टाच दाबली, दुसऱ्या बाजूला टाच दाबली, आणि काकांकडे पाहिलं. काकांनी मान खाली घातली. बाई पंचांकडे जातील, सामना थांबवतील, आपली नोकरी जाईल, असं त्यांना वाटलं. बाई आपल्या जागी गेल्या आणि चेंडू मागितला.

आणि तिथून पुढे, मंडळी, त्या दोघी वेगळ्याच खेळू लागल्या. बाईंनी जन्मात केलं नव्हतं ते केलं. चेंडू उसळणारा दिसला की धावणं सोडून त्या मागच्या रेघेवर उभ्या राहिल्या, मुंगीसारख्या. आणि पलीकडचं गवत ओलं आहे हे पाहून मुंगी चेंडू कापून जाळीकडे पळत सुटली, बाईंसारखी. गुरू शिष्येसारखी आणि शिष्या गुरूसारखी. वकील म्हणाले, "ही बाईंची नक्कल करतेय!" डॉक्टर म्हणाले, "बाई तिची करताहेत!" आणि त्या दिवसात पहिल्यांदाच दोघांचं बरोबर होतं. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते कुणासाठी होतं हे त्यांना सांगता आलं नसतं.

पहिला सेट बाईंचा. दुसरा मुंगीचा. तिसरा ओढाताणीचा. बाईंच्या उजव्या गुडघ्यावर आता पट्टी दिसत होती. दोन खेळांमध्ये त्या तो गुडघा हाताने धरून सरळ करत. मुंगीने ते पाहिलं. पाहिलं नसतं तर बरं झालं असतं, असं तिच्या तोंडावर दिसत होतं.

शेवटचा गुण मुंगीच्या हातात आला तेव्हा बाई ओल्या बाजूला होत्या. त्यांच्याच. इतकी वर्षं काकांना "राहू द्या" म्हणून सांगून राखलेल्या ओलीवर. मुंगीने खूप वेळ चेंडू मागे-मागे मारला. मग तिचा हात क्षणभर थांबला, आणि तिने तो कापून पुढे टाकला, जाळीच्या जरासा पलीकडे. बाईंनीच शिकवलेला फटका. चेंडू पडला आणि उठलाच नाही. पूर्वीच्या बाई तिथे वाकून पोचल्या असत्या आणि वर हसल्याही असत्या. आजही पोचल्या. पण गुडघा वाकला नाही. चेंडू रॅकेटखालून निघून गेला आणि बाई पुढच्या पुढे, हात टेकून गवतावर पडल्या.

मुंगी जाळीवरून उडी मारून पलीकडे गेली. जिंकल्याचा हात वर करायचं तिला सुचलंच नाही. बाईंना उठवता उठवता ती म्हणत होती, "लागलं का? बाई, लागलं का हो?" आणि बाई म्हणत होत्या, "अगं, आधी पंचांशी हात मिळव, शिस्त नाही तुला."

मग व्हायचं ते झालं. सेक्रेटरी तरातरा आले. त्यांनीही दोन्हीकडे बूट दाबून पाहिला होता.

"काका, ही काय थट्टा? अर्धं कोर्ट आहे की भातखाचर? कुणाला जिंकवायला केलंत हे?"

काकांनी तोंड उघडलं, तेवढ्यात एका बाकावर पाय लांब करून बसलेल्या बाई म्हणाल्या, "सेक्रेटरी, मला दोन्ही बाजू मिळाल्या. तिलाही मिळाल्या."

"पण याचा फायदा झाला कुणाला?"

"तेच मघापासून शोधतेय मी," बाई म्हणाल्या. "सापडलं तर कळवते."

सेक्रेटरींनी सगळ्यांकडे पाहिलं, मग म्हणाले, "ते खड्डे तरी उद्यापर्यंत बुजवा," आणि गेले. पलीकडे वकील म्हणत होते, "गवताने हरवलं." डॉक्टर म्हणत होते, "गुडघ्याने हरवलं." त्यांचं ते पुढे वर्षभर चाललं.

सगळे पांगल्यावर मुंगी आली. कप तिने बाकावरच ठेवला होता.

"बाबा, खरं सांगा. मी जिंकले की गवत जिंकलं?"

बापाच्या जिभेवर आलं होतं, तूच जिंकलीस बाळा. पण खोटं बोलायची सवय नव्हती, आणि खरं काय ते ठाऊक नव्हतं. बाईंसाठी म्हणून जी बाजू ओली ठेवली तिनेच बाईंना पाडलं. कोरडी ठेवली असती तर चेंडू वर आला असता, गुडघा वाकवावा लागला नसता. मग बाईंचं भलं कशात होतं? पोरीचं कशात होतं? दोघींना सारखं द्यायला गेलो, ते सारखं पोचलं का?

"मला कळत नाही गं," काका म्हणाले.

मुंगीने मान हलवली. "मलाही नाही," ती म्हणाली आणि बापाच्या खांद्याला डोकं टेकून उभी राहिली. बाई हाक मारत होत्या, कुणीतरी गाडीपर्यंत हात द्या म्हणून. ती धावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी कोर्ट दुरुस्तीला घेतलं. कोरड्या बाजूला पाणी पाजलं, ओल्या बाजूला वारा लागू दिला. बुटांनी उकरलेले ठिकऱ्यांएवढे खड्डे भरले, त्यावर बी टाकलं. गुडघ्यांवर सरकत सरकत ते जाळीजवळच्या त्या जागी आले. तिथे मऊ मातीत बाईंचा तळहात उमटला होता. पाचही बोटं, फाकलेली. तो भरायला काकांनी डब्यातली मूठभर माती उचलली. मग ती परत डब्यात टाकली. त्या पंजाच्या चारी बाजूंनी त्यांनी गवत कात्रीने सारखं केलं, बोटांमधली पाती तेवढी तशीच ठेवली, आणि उठून पलीकडे गेले.

"इथलं राहिलं वाटतं," सेक्रेटरींनी नंतर विचारलं.

"येईल ते आपलं आपण वर," काका म्हणाले.

गवत वर येतंच. तो हात तिथे फार दिवस टिकला नाही. मुंगी मोठ्या स्पर्धेला गेली, तिचं नाव तुमच्या कानावर कधीतरी पडेल, त्याची मला काळजी नाही. पण कधी गवतावरचा खेळ बघायला बसलात, आणि एखादा चेंडू पडून उठलाच नाही, तर घटकाभर बाईंची आठवण काढा. एवढंच मागणं आहे तुमच्याकडे.